सायकलस्वाराने भुकेकडे नव्हे, घड्याळाकडे पाहून खावे

संपादक महोदय,

लांब पल्ल्याच्या सायकलिंगविषयी वर्तमानपत्रांतून लिहून येते तेव्हा फ्रेम, गिअर, हेल्मेट आणि सराव यांवर रकाने भरतात आणि खाण्याच्या वाट्याला एखादी ओळ येते : ‘हलका आहार घ्या आणि भरपूर पाणी प्या.’ चार-पाच तासांच्या राइडला यातला पहिला सल्ला अपुरा आहे आणि दुसरा प्रसंगी धोक्याचा. म्हणून हे पत्र.

आधी हिशेब पाहू. शरीरात कर्बोदकांचा साठा ग्लायकोजेनच्या रूपात असतो : स्नायूंत साधारण ३०० ते ५०० ग्रॅम, यकृतात ८० ते १०० ग्रॅम. ग्रॅमला ४ कॅलरी धरल्या तर दोन हजारांच्या आसपास कॅलरी झाल्या. सरासरी १५० वॉटने तासभर पेडल मारले की ५४० किलोज्यूल काम होते. एक कॅलरी म्हणजे चार किलोज्यूलच्या थोडे वर, पण शरीराची कार्यक्षमता जेमतेम २० ते २५ टक्के असल्याने तेवढ्या कामासाठी जवळपास तितक्याच, म्हणजे पाचशेच्या वर कॅलरी जळतात. (पेडलवरचा जोर मोजणारा पॉवर मीटर असणाऱ्यांनी किलोज्यूलचा आकडाच कॅलरी म्हणून वाचावा, फार चूक होत नाही.) आरामात चालवताना यातला मोठा वाटा चरबीतून येतो. चढ लागला, वारा समोरून आला किंवा पुढच्या गटाला गाठायची हौस आली की कर्बोदकांचा वाटा झपाट्याने वाढतो. चरबीचा साठा कित्येक दिवस पुरेल इतका असतो, पण तो जोर लावण्याच्या वेगाने जळत नाही.

यात एक मेख आहे. हाता-खांद्यांच्या स्नायूंतले ग्लायकोजेन मांड्यांना उसने मिळत नाही. ते ज्या स्नायूत असते तिथेच खर्ची पडते. रक्तातली साखर सांभाळायचे काम एकट्या यकृताचे, आणि रात्रभराच्या उपासाने सकाळी त्याचा साठा आधीच उतरलेला असतो. मेंदू त्याच साखरेवर चालतो. म्हणून ‘बॉन्क’ होतो, म्हणजे साखर संपून अंगातला जोर एकाएकी जातो, तेव्हा आधी डोके बिघडते : विनाकारण चिडचिड होते, लक्ष उडते, घाम थंड पडतो, हात थरथरतात, आणि काही मिनिटांपूर्वी सहज फिरणारा गिअर दगडासारखा जड होतो. १९२४च्या बोस्टन मॅरेथॉननंतर धावपटूंचे रक्त तपासले, तेव्हा गलितगात्र होऊन पोहोचलेल्यांची रक्तशर्करा फार खाली गेलेली आढळली. पुढच्या वर्षी धावताना गोड खायला दिल्यावर चित्र पालटले. १९६७ साली स्वीडनमध्ये स्थिर सायकलवर झालेला प्रयोग तर सायकलस्वारांनी पाठच करावा. आधीचे काही दिवस कर्बोदके जवळपास वर्ज्य केल्यावर जी माणसे तासाभरात थकली, तीच भरपूर कर्बोदके खाऊन आल्यावर तितक्याच जोराने जवळपास तीन तास टिकली. शंभर वर्षे जुनी माहिती आहे ही, तरी ‘रिकाम्या पोटी निघालो की अंग हलके राहते’ हे वाक्य अजून ऐकू येते.

तर किती खायचे? तासाभराच्या राइडला काहीच नाही, पाणी पुरे. दीड ते अडीच तासांसाठी ताशी ३० ते ६० ग्रॅम कर्बोदके. त्याहून लांब राइडला ताशी ६० ग्रॅम, आणि वेग जास्त असेल व पोटाला सवय असेल तर ९०. हे ग्रॅम कर्बोदकांचे आहेत, पदार्थाच्या वजनाचे नव्हेत. मध्यम केळ्यात सुमारे २५ ग्रॅम, पावाच्या एका स्लाइसमध्ये १२ ते १५, शंभर ग्रॅम शिजलेल्या भातात २८ आणि तितक्याच उकडलेल्या बटाट्यात १७ ते २० ग्रॅम मिळतात. ‘मी दोन केळी खाल्ली की’ असे म्हणणाऱ्याने पाच तासांत ५० ग्रॅम खाल्लेले असतात. गरज होती सुमारे ३००ची.

साठचा आकडा आला कुठून? आतड्याच्या भिंतीतून ग्लुकोज आत नेणारी जी वाहतूक यंत्रणा आहे, ती ताशी साधारण ६० ग्रॅमला भरून जाते. त्यापुढचे ग्लुकोज आतड्यात पडून राहते, पाणी खेचते आणि पोट बिघडवते. फ्रुक्टोजचा रस्ता मात्र वेगळा आहे. दोन्ही एकत्र घेतले की दोन्ही दारांतून माल आत जातो, म्हणून ९० ग्रॅमचे गणित जमते. आपली रोजची साखर ही निम्मी ग्लुकोज, निम्मी फ्रुक्टोज असते, त्यामुळे महागड्या पावडरीशिवायही काम भागते. ६० ग्रॅम साखर आणि ३० ग्रॅम माल्टोडेक्स्ट्रिन (पोटात ग्लुकोज होणारी पिठूळ पावडर) एकत्र केले की ग्लुकोज ६० आणि फ्रुक्टोज ३०, म्हणजे दोनास एक हे प्रमाण बरोबर जुळते.

बाटली घरी भरावी ती अशी : ७५० मिलिलिटर पाणी, ५० ग्रॅम साखर, १ ग्रॅम मीठ, चवीला लिंबू. साखर काट्यावर मोजावी. चमच्याने मोजताना सपाट आणि शिगोशिग यांत दुपटीचा फरक पडतो. हे द्रावण सात टक्क्यांच्या आत राहते, आणि सहा ते आठ टक्क्यांचे द्रावण जठरातून सुरळीत पुढे सरकते. एक ग्रॅम मिठातून सुमारे ४०० मिलिग्रॅम सोडियम मिळते. ताशी ५०० ते ६०० मिलिलिटर प्यायले तर ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदके बाटलीतूनच पोटात जातात. उरलेले २० ते २५ ग्रॅम म्हणजे तासाला एक केळे, किंवा जॅम लावलेला दीड स्लाइस, किंवा मूठभर मनुका. ९० ग्रॅमचे मिश्रण एकाच बाटलीत घातले तर ते बारा टक्क्यांवर जाते. अशा वेळी दुसरी बाटली साध्या पाण्याची हवी आणि दोन्हींतून आलटून पालटून घोट घ्यावेत. पाकिटातून मिळणाऱ्या गोड, घट्ट जेलचेही तेच. पाण्याशिवाय घेतलेले जेल पोटात गोळा होऊन बसते.

वेळ हा यातला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. पहिला घास सुटल्यापासून वीस-तीस मिनिटांत, तेही भूक अजिबात नसताना. मग दर वीस मिनिटांनी थोडे थोडे. घड्याळाला किंवा सायकल कॉम्प्युटरला गजर लावून ठेवावा. खाल्लेले रक्तात पोहोचायला वेळ लागतो आणि जोर वाढला की पोटाकडचा रक्तपुरवठा पायांकडे वळतो, म्हणून चढ सुरू व्हायच्या दहा-पंधरा मिनिटे आधी खावे. चढावर धापा टाकत कोंबलेला घास तसाच पडून राहतो. उतारावर खाऊ नये, तिथे दोन्ही हात ब्रेकवर हवेत. शेवटच्या अर्ध्या तासात खाल्ले नाही तरी चालते.

सुटण्यापूर्वीच्या खाण्यात लोक दोन टोके गाठतात. वजनाच्या किलोला १ ते ४ ग्रॅम कर्बोदके, सुटण्याआधी १ ते ४ तास, हे सूत्र वेळेनुसार वापरावे. चार तास हातात असतील तर चार ग्रॅम, तासच असेल तर एक. ७० किलोच्या माणसाने तीन तास आधी २०० ग्रॅम कर्बोदके खाणे म्हणजे खासे मोठे ताट होते. तूप-तेल, चोथा आणि प्रथिने त्यात कमी असावीत, कारण ती जठर रिकामे व्हायला उशीर लावतात. सुटण्याआधी पाऊण तास नुसते गोड घेतल्यावर काही जणांची साखर सुरुवातीलाच घसरते. त्यांनी ते गोड सुटताना पाच मिनिटे आधी घ्यावे, म्हणजे साखर रक्तात पोहोचेपर्यंत स्नायू कामाला लागलेले असतात आणि घसरण होत नाही. दोनशे किलोमीटर किंवा त्याहून मोठ्या राइडसाठी आधीचा दीड-दोन दिवस किलोला ८ ते १२ ग्रॅम कर्बोदके घेऊन साठा भरता येतो. त्यात वजन किलो-दीड किलोने वाढते. घाबरू नये, ग्लायकोजेनबरोबर साठलेले ते पाणी असते.

आता ‘भरपूर पाणी प्या’ या सल्ल्याविषयी. किती प्यायचे ते घाम ठरवतो, आणि घाम मोजता येतो. राइडपूर्वी आणि नंतर उघड्या अंगाने वजन करावे. घटलेले वजन अधिक प्यायलेले पाणी वजा लघवी म्हणजे घाम. दोन तासांत वजन ७० वरून ६९ किलो झाले आणि मध्ये लिटरभर पाणी प्यायले, लघवी झाली नाही, तर घाम दोन लिटर, ताशी एक लिटर. तो सगळा तिथल्या तिथे भरून काढायची गरज नसते. वजनाच्या दोन टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना झेपते. उलट राइडनंतर वजन वाढलेले दिसले तर ती धोक्याची घंटा समजावी. घामातून सोडियम जात असताना नुसते पाणी ढोसत राहिले की रक्तातले सोडियम पातळ होते. बोटे सुजून अंगठी घट्ट होते, डोके दुखते, उलटी होते, माणूस असंबद्ध बोलू लागतो. ही लक्षणे ‘डिहायड्रेशन’ समजून त्याला आणखी पाणी पाजणे हा जीवघेणा गोंधळ आहे. पाणी बंद करून तत्काळ रुग्णालयात न्यावे. हे बहुधा मागे रेंगाळणाऱ्या, दिवसभर सावकाश चालवणाऱ्या आणि प्रत्येक थांब्यावर बाटली रिकामी करणाऱ्या स्वारांच्या बाबतीत घडते. पुढे पळणाऱ्यांना तेवढे प्यायला फुरसतच नसते.

मिठाचा विषय निघाला की पायांत येणारे गोळे आठवतात. मीठ चाटले की गोळा जातो, ही समजूत फार पक्की आहे. बहुतेक गोळे दमलेल्या स्नायूंचे असतात. वेग उतरवणे आणि स्नायू ताणणे हाच त्यांवर लवकर लागू पडणारा उपाय.

बॉन्क झालाच तर थांबावे. २० ते ३० ग्रॅम लवकर पचणारी साखर, म्हणजे गोड पेय किंवा जेल, पाण्यासह घ्यावी. दहा-पंधरा मिनिटे बसावे, मग हलक्या गिअरवर निघावे आणि खाणे चालू ठेवावे. गेलेला जोर पूर्ण परतत नाही. उरलेले अंतर सावकाश कापायची तयारी ठेवावी. मळमळ सुरू झाली तर नेमके उलटे करायचे : गोड बंद, वेग कमी, पंधरा मिनिटे फक्त पाण्याचे छोटे घोट. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र या पत्रातले आकडे डॉक्टरांना दाखवल्याशिवाय वापरू नयेत.

ब्रेव्हेसारख्या, म्हणजे ठरावीक मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या राइडचे शास्त्र थोडे निराळे आहे. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला वीस, ४००ला सत्तावीस, ६००ला चाळीस तासांची मुदत असते. वेग कमी, म्हणून पोट घन अन्न चांगले पेलते : भात, बटाटा, अंडी, पाव. सहा-सात तासांनंतर गोडाचा वीट येतो. घास तोंडात फिरतो आणि मग माणूस खाणेच सोडतो. हा वीट येणार हे गृहीत धरून निम्मा शिधा खारट असावा. थांब्यावर पोटभर जेवून पुढचे तीन तास काही न खाणे ही नेहमीची चूक. निम्मे तिथे खावे, निम्मे खिशात घेऊन निघावे. कॅफीन (किलोला सुमारे ३ मिलिग्रॅम) उत्तरार्धासाठी राखून ठेवावे. पहाटेच्या गारठ्यात तहान मरते आणि बोटे बधिर होतात, तेव्हा खाऊची वेष्टने घरीच कात्रीने थोडी चिरून ठेवावीत आणि रिकामी झालेली जर्सीच्या खिशातच कोंबावीत.

९० ग्रॅम पचवणे एका दिवसात जमत नाही. आठवड्यातल्या लांब राइडला ४० पासून सुरुवात करून दर वेळी दहाने वाढवावे. चार-सहा आठवड्यांत आतडे सरावते. मोठ्या राइडच्या दिवशी नवा पदार्थ तोंडाला लावू नये.

वजन उतरवण्यासाठी सायकल चालवणाऱ्यांना हे सगळे उलटे वाटेल. सायकलवर खाल्लेले वाया गेले, असा त्यांचा हिशेब. पण उपाशी चार तास घालवलेला माणूस संध्याकाळी स्वयंपाकघरात काय करतो, ते घरच्यांना विचारावे. कमी खायचेच असेल तर ते सायकलवरून उतरल्यावरच्या इतर जेवणांत, आणि तेही मोजून. दुसऱ्या दिवशी पुन्हा राइड असेल तर उतरल्यावर लगेच किलोला १ ग्रॅम कर्बोदके आणि २० ते २५ ग्रॅम प्रथिने घ्यावीत. दोन दिवस विश्रांती असेल तर नेहमीचे जेवण पुरते, उतरल्यावर लगेच खाण्याची ‘अर्ध्या तासाची संधी’ हुकली म्हणून हळहळू नये.

राहता राहिली बाटली. साखरेचे पाणी भरलेली बाटली न धुता तशीच ठेवत गेले की तोंडाच्या झडपेत काळी बुरशी धरते, आणि मग पोट बिघडल्याचा दोष जेलला दिला जातो. त्याच दिवशी झडप सुटी करून गरम पाणी आणि खायच्या सोड्याने ब्रश मारावा, आणि बाटली उघडी, उपडी वाळत ठेवावी.

कळावे,
आपला,
एक सायकलस्वार वाचक