आराखड्यावर आधी व्हीलचेअर फिरवून पाहा

मा. संपादक यांस,

सातारा-सांगली पट्ट्यात ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक खेळाडूंसाठी राष्ट्रीय दर्जाचे प्रशिक्षण केंद्र व्हावे, ही मागणी अधूनमधून होत असते आणि ती रास्त आहे. १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. १९७२ मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्ण मिळवणारे मुरलीकांत पेटकर पेठ-इस्लामपूरचे. रिओत स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावलेली ललिता बाबर माणमधल्या मोहीची, २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीत जगज्जेती ठरलेली अदिती स्वामी साताऱ्याची आणि २०२४ मध्ये पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणणारा सचिन खिलारी आटपाडी तालुक्यातल्या करगणीचा. यांतले पेटकर आणि खिलारी हे दोघे पॅरा (दिव्यांग) खेळाडू आहेत. पॅरिसमध्ये भारताला ऑलिम्पिकमध्ये ६ पदके मिळाली, पॅरालिम्पिकमध्ये २९. तरीही केंद्राची चर्चा निघाली, की पॅरा खेळाडूंचा विषय ‘रॅम्प आणि एक स्वतंत्र स्वच्छतागृह’ एवढ्यावर आटोपतो. आमचा आक्षेप नेमका इथे आहे. या खेळाडूंच्या गरजा मागाहून जोडता येत नाहीत. त्या काँक्रीट ओतण्याआधीच ठरवाव्या लागतात.

आधी जागा. महाबळेश्वर-पाचगणीला ‘उंचीवरचा सराव’ होईल, असे सुचवले जाते. तो तिथे होणार नाही. विरळ हवेमुळे रक्तातल्या तांबड्या पेशी वाढाव्यात, यासाठी साधारण १,८०० ते २,५०० मीटर उंचीवर तीन-चार आठवडे राहावे लागते. महाबळेश्वर १,४०० मीटरच्या आसपास आहे. शिवाय तिथला पाऊस पाहता जून ते सप्टेंबर मैदान बंदच राहील. कृष्णाकाठची सपाट जमीनही नको. सांगलीत आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले होते. पूर ओसरेल, पण काळ्या रानाचा स्वभाव बदलणार नाही. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचा सिंथेटिक ट्रॅक दोन-तीन वर्षांत लाटांसारखा होतो.

आमच्या मते खानापूर, आटपाडी, माण, खटाव हा कमी पावसाचा, मुरमाड पट्टा योग्य आहे. मिरजेची मोठी रुग्णालये इथून लांब पडतात, हा आक्षेप आम्हाला ठाऊक आहे. पण गुडघ्याचा एमआरआय दोन दिवसांनी झाला तरी चालतो. थांबता येत नाही ते उष्माघातात, आणि त्यावरचा पहिला उपचार मैदानावरच करायचा असतो. खेळाडूला बर्फाच्या पाण्याच्या टबात ठेवायचे, शरीराच्या आतले तापमान ३९ अंशांखाली आणायचे आणि मगच रुग्णवाहिकेत घालायचे. म्हणजे टब, बर्फ आणि प्रशिक्षित माणूस ट्रॅकशेजारी हवा.

आठ लेनच्या ४०० मीटर ट्रॅकलाच चार एकर जागा लागते, तीही लांब बाजू उत्तर-दक्षिण ठेवून. जिथे थोडीफार काळी माती लागेल, तिथे ती मीटर-दीड मीटर काढून मुरूम २०-२० सेंटिमीटरच्या थरांत भरावा आणि प्रत्येक थरावर रोलर फिरवावा. त्यावरचे डांबर किमान चार आठवडे मुरू द्यावे. उद्घाटनाची तारीख गाठण्यासाठी ही मुदत कापली, की खालची वाफ आणि तेल वर येऊन पृष्ठभागाला फुगे धरतात. सिंथेटिक थर साधारण १३ मिलिमीटर असतो. तो सगळीकडे तेवढाच ठेवून भागत नाही. भालाफेकीच्या धावपट्टीच्या शेवटच्या टप्प्यात २० आणि स्टीपलचेसमध्ये पाण्याच्या उडीनंतर पाय पडतो तिथे २५ मिलिमीटर लागतो. रेसिंग व्हीलचेअरला मात्र मऊ पृष्ठभाग जड जातो, चाक रुतल्यासारखे होऊन प्रत्येक ढकलीत ताकद वाया जाते. त्यामुळे नियमात बसणाऱ्या प्रकारांपैकी कडक बाजूचा निवडावा. आतल्या कडेची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी एका ठिकाणी काढता-घालता येईल अशी ठेवावी, म्हणजे खुर्ची उचलून आत न्यावी लागणार नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते बैठ्या फेकीकडे. गोळा, थाळी, भाला आणि क्लब (बाटलीच्या आकाराचे लाकडी साधन) हे प्रकार बसून फेकणारा खेळाडू फ्रेमवर, म्हणजे आसन असलेल्या धातूच्या सांगाड्यावर, बसतो. उशीसकट आसनाची उंची ७५ सेंटिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. आधाराचा दांडा लवता कामा नये आणि पट्टे ताणले जाणारे नसावेत. ही फ्रेम जमिनीला बांधायची कशाला? गोळाफेकीचे २.१३५ मीटरचे नेहमीचे वर्तुळ ओतून झाले, की त्यात कड्या राहत नाहीत. मग कोणी मोठे दगड ठेवतो, कोणी दोघांना फ्रेम धरून बसवतो. फेकीच्या क्षणी फ्रेम दोन सेंटिमीटर जरी सरकली, तरी खांद्यातून येणारा जोर त्या सरकण्यात जातो आणि खेळाडू नकळत हात आखडायला शिकतो. ही सवय पुढे मोडत नाही. उपाय स्वस्त आहे. काँक्रीट ओतताना वर्तुळाभोवती आठ ठिकाणी लोखंडी कड्या किंवा नळ्या खोल बसवाव्यात, ट्रकवरचा माल आवळायला वापरतात तसे रॅचेट पट्टे ठेवावेत आणि अशी किमान दोन वर्तुळे केवळ बैठ्या फेकीसाठी राखावीत. स्पर्धेत फ्रेम बसवायला खेळाडूच्या वर्गानुसार (अपंगत्वाच्या स्वरूपावरून ठरणाऱ्या गटानुसार) दोन ते तीन मिनिटेच मिळतात आणि फेकी बहुधा सलग कराव्या लागतात, म्हणून फ्रेम बांधण्याचाही घड्याळ लावून सराव हवा. वर सावली हवीच, उन्हात तापलेल्या लोखंडावर संवेदना नसलेली कातडी भाजते आणि खेळाडूला ते कळतही नाही.

मज्जारज्जूला छातीच्या सहाव्या मणक्याच्या वर इजा असेल, तर इजेखालच्या भागाला नीट घाम येत नाही आणि माणदेशातल्या एप्रिल-मेमध्ये अंग झपाट्याने तापते. अशा खेळाडूंचा सराव सकाळी नऊच्या आत संपवावा, अंगावर मारायला पाण्याच्या फवाऱ्याच्या बाटल्या आणि थंड जॅकेट द्यावे.

वसतिगृहाच्या न्हाणीघराला दोन सेंटिमीटरचा उंबरठा असला, तरी व्हीलचेअरची पुढची छोटी चाके अडतात. खोलीत आणि न्हाणीघरात दीड मीटरचे वळण मोकळे हवे. सरकारी आराखड्यात ९० सेंटिमीटरचे दार ‘सुगम्य’ म्हणून दाखवतात. रोजच्या खुर्चीला ते पुरते, पण बास्केटबॉलच्या खुर्चीची चाके खाली फाकलेली असतात, ती अडकते. व्यायामशाळेची आणि सभागृहाची दारे १.२ मीटरची करा. स्वच्छतागृह अस्वच्छ असले, तर कॅथेटर (लघवीसाठीची नळी) वापरणाऱ्या खेळाडूला मूत्रसंसर्ग होतो आणि ऐन हंगामातले आठवडे जातात.

पोहण्याबद्दल आमचे मत काहींना आवडणार नाही. ५० बाय २५ मीटरच्या, दोन मीटर खोल तलावाला २५ लाख लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात रोज सात-आठ मिलिमीटर बाष्पीभवन धरले, तरी नऊ-दहा हजार लिटर हवेत जाते. टेंभू उपसा सिंचन योजनेच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या तालुक्यात हे शोभत नाही. पोहणे पुण्यातल्या बालेवाडीला राहू द्यावे. इथे दुखापतीनंतरच्या व्यायामासाठी उतार असलेला छोटा, झाकता येणारा तलाव पुरे. त्याऐवजी तिरंदाजीवर खर्च करा. लॉस एंजेलिस २०२८ मध्ये कंपाउंड (कप्प्या लावलेल्या धनुष्याचा) मिश्र सांघिक प्रकार येतो आहे. मैदान उत्तरेकडे तोंड करून आखावे, म्हणजे डोळ्यांवर ऊन येत नाही. रिकर्व्हला (टोके बाहेर वळलेल्या, बिनकप्पीच्या धनुष्याला) ७० आणि कंपाउंडला ५० मीटर अंतर धरावे. नेमरेषा पक्की व सपाट असावी आणि व्हीलचेअरवरच्या तिरंदाजाला प्रत्येकी सव्वा मीटर जागा सोडावी.

इमारती होतात, माणसे टिकत नाहीत. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीचा वेटलिफ्टर संकेत सरगर याचे सुवर्ण एका किलोने हुकले, त्याच्या कोपराला ऐन वजन उचलताना इजा झाली. अशा इजेतून परत यायला बरेच महिने लागतात आणि त्या काळात एकाच फिजिओने रोज तो हात पाहिला पाहिजे. अकरा महिन्यांच्या करारावर हे जमत नाही. ऑलिम्पिकचे चक्र चार वर्षांचे असते, तर नेमणुकाही चार वर्षांच्या हव्यात. दर दहा-बारा खेळाडूंमागे एक फिजिओ, आहारतज्ज्ञ, कृत्रिम अवयवांचा तंत्रज्ञ आणि खुर्च्यांचा मेकॅनिक एवढे तरी लागतातच. पाय गमावलेल्या धावपटूच्या पायाचा उरलेला भाग दिवसभरात, उष्म्याने कमी-जास्त सुजतो. कृत्रिम पायाचे सॉकेट (उरलेला पाय बसतो ती खोबण) सैल झाले, की आधी फोड येतो आणि मग जखम होते. जागेवर कार्यशाळा असेल, तर हे काम त्याच दिवशी निभावते, पुण्याला पाठवले तर आठवडा जातो. पूर्ण अंध धावपटूला मार्गदर्शक धावपटू आणि दोन लेन लागतात. त्या मार्गदर्शकालाही खोली, जेवण, बूट आणि मानधन द्यावे लागेल, कारण तो खेळाडूपेक्षा वेगवान असावा लागतो आणि असा मुलगा फुकट राबणार नाही.

वर्गीकरणाचे कामही केंद्राकडेच हवे. टोकियोत एका भारतीय थाळीफेकपटूचे कांस्य वर्गीकरणात अपात्र ठरल्याने परत गेले. वैद्यकीय कागद आणि स्नायूंच्या ताकदीच्या नोंदी दरवर्षी ठेवल्या, तर असा धक्का आधीच कळू शकतो. उत्तेजक चाचणीच्या यादीतल्या खेळाडूने रोजचा एक तास आपण कुठे असू ते कळवायचे असते, बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की बंदी येते. गावाकडून आलेल्या मुलांना हे भरायला शिकवणारा एक माणूस नेमावा.

टोकियोत २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय केंद्राच्या पूर्व इमारतीत ऑलिम्पिक आणि पॅरालिम्पिक खेळाडू एकत्र सराव करतात. आपल्याकडेही दोन वेगळ्या संकुलांची गरज नाही. आराखडा मंजूर होण्याआधी तो पॅरा खेळाडू, त्यांचे मार्गदर्शक आणि फिजिओ यांच्यासमोर महिनाभर खुला ठेवावा आणि त्यांच्या लेखी हरकतींना बांधकाम विभागाने लेखी उत्तर द्यावे, अशी आमची क्रीडा विभागाकडे मागणी आहे. जमिनीतल्या कड्या, कार्यशाळा आणि मार्गदर्शकांचे मानधन यांच्यासाठी पहिल्याच अंदाजपत्रकात स्वतंत्र तरतूद दाखवावी.

– सांगली जिल्ह्यातील काही मैदानी प्रशिक्षक व फिजिओथेरपिस्ट