पाण्यावर वाट कोणाची, हे आधी ठरवा : बेळगावच्या पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री, बेळगाव जिल्हा, यांस
सविनय नमस्कार.

घटप्रभेवरच्या हिडकल आणि मलप्रभेवरच्या नवीलतीर्थ जलाशयांवर विंडसर्फिंग (शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्यावर जाणे) आणि काइटबोर्डिंग (फळीवरच्या माणसाला दोऱ्यांनी बांधलेली मोठी पतंगासारखी काइट ओढते) सुरू व्हावे, असे सीमाभागातल्या आमच्यासारख्या अनेकांना मनापासून वाटते. ती मागणी मी इथे पुन्हा करतो. मात्र त्याआधी एक काम सरकारने करायलाच हवे. पाण्यावर दोघे समोरासमोर आले तर वाट कोणी सोडायची, याचे नियम लिहून काढा, आणि मगच कुणाला परवाना द्या.

आम्ही हे खेळ शिकलो ते चोर्ला घाट उतरून, गोव्याच्या किनाऱ्यावर. वाट देण्याघेण्याचे नियम जगभर जवळपास सारखेच आहेत आणि दहा मिनिटांत समजतात. समोरून येणाऱ्या दोघांपैकी ज्याचा उजवा हात पुढे, म्हणजे जायच्या दिशेला, तो सरळ जातो, डावा हात पुढे असलेल्याने वळायचे. दोघे एकाच बाजूला चालले असतील तर वारा ज्याच्याकडे आधी पोहोचतो, त्याने दुसऱ्याला जागा द्यायची. मागून येऊन पुढे जाणाऱ्याने पुढच्यापासून लांब राहायचे. काठावरून निघणाऱ्याला परत येणाऱ्याने वाट द्यायची, कारण काठाशी उथळ पाण्यात निघणाऱ्याला वळायला जागाच नसते. ज्याची वाट आहे त्यानेही मध्येच दिशा बदलायची नाही, समोरचा त्याच्याच भरवशावर वळत असतो.

शीड आणि काइट एका पाण्यात आले की मात्र एवढ्यावर भागत नाही. शिडवाला पडला तर शीड त्याच्यासोबतच पाण्यात आडवे होते. काइटच्या दोऱ्या वीस-पंचवीस मीटर लांब असतात, म्हणजे माणूस एकीकडे आणि त्याला ओढणारी काइट भलतीकडे, वारा जातो त्या बाजूला. गोव्यातल्या मोरजीला मी पाहिलेला प्रसंग सांगतो. एक शिडवाला पाण्यात पडून पुन्हा शीड उचलायच्या खटपटीत होता. त्याच्या वाऱ्याकडच्या अंगाने, म्हणजे वारा येतो त्या बाजूने, एक काइटवाला काइट खाली ठेवूनच गेला. दोऱ्या डोलकाठीच्या टोकाला घासून गेल्या. काठी खाली होती म्हणून निभावले, ती उभी असती तर दोऱ्या तिच्यात गुंतल्या असत्या आणि दोघेही फरफटत गेले असते. ताणलेली दोरी कातडी सहज कापते. म्हणून शिडवाल्याने काइटवाल्याच्या वाऱ्याकडून जावे आणि काइटवाल्याने शिडवाल्याच्या खालच्या अंगाने, म्हणजे वारा जातो त्या बाजूने, हे दोघांनाही शिकवलेले हवे. दोन काइटवाले एकमेकांना ओलांडत असतील तर वाऱ्याकडच्याने काइट उंच धरायची, दुसऱ्याने खाली.

समुद्रावर चुकले तरी बाजूला व्हायला जागा असते. आपल्या जलाशयांचे तसे नाही. घटप्रभा आणि मलप्रभा दोन्ही सह्याद्रीतून निघून पूर्वेकडे वाहतात, आणि धरणाची भिंत जलाशयाच्या प्रवाह पुढे जातो त्या टोकाला येते. पावसाळ्यातला जोरदार वारा पश्चिमेकडून येतो. सौंदत्तीच्या डोंगरांवरच्या पवनचक्क्या याच वाऱ्यावर फिरतात, आणि आम्हालाही हवा असतो तो हाच वारा. म्हणजे ज्याचे शीड मोडले किंवा काइट पाण्यात पडली, तो भिंतीकडे आणि दरवाजांकडे वाहत जाण्याचा धोका, तेही नेमके धरण भरत असताना. त्यात डोंगराआडचा वारा एकसारखा नसतो, मध्येच पडतो आणि झटक्याने येतो. भिंतीपासून किती अंतरापर्यंत कुणीच जायचे नाही, हे पाटबंधारे खात्याने बोयांची (तरंगत्या खुणांची) रांग टाकून दाखवायला हवे. काठाजवळून विजेच्या तारा जात असतील तिथे काइटला परवानगीच नको.

पाण्यावर आमच्याआधी मच्छीमार आहेत, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्यांची वाटते. समुद्रावरील टक्कर टाळण्यासाठी १९७२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांत स्पष्ट म्हटले आहे की जाळे टाकून मासेमारी करणाऱ्या नावेला शिडाच्या नावेने वाट द्यायची. जलाशयाला ते नियम आपोआप लागू होत नाहीत. २०२१ च्या अंतर्देशीय जहाज कायद्याचा मुख्य भर इंजिनवर चालणाऱ्या नावांवर आहे. पण कायद्यात नसले तरी न्याय तोच आहे. ज्याचे घर जाळ्यावर चालते, त्याच्या जाळ्यावरून मौजेसाठी आलेल्याची फळी जाता कामा नये. जाळी कुठे आणि कोणत्या वेळेला असतात, हे मच्छीमारांना विचारून तेवढे पाणी आधी बाजूला काढा. उरेल ते आम्हाला द्या. राकसकोपचे नाव तर या यादीत येऊच नये, बेळगाव शहर ते पाणी पिते.

फलक कन्नडमध्ये लावाल, तसाच मराठीतही लावा. हिडकलला हुक्केरी, संकेश्वर, निपाणीची माणसे येतात. यल्लम्माला येणारे कोल्हापूरकडचे भाविक नवीलतीर्थही पाहायला जातात. त्यांना उद्या भाड्याची फळी मिळणार असेल तर धोकाही त्यांना कळेल अशा भाषेत सांगायला हवा. सोबत चित्रे काढा, म्हणजे वाचता न येणाऱ्यालाही उजवा हात आणि डावा हात समजेल.

हा खेळ गोड्या पाण्यात वाढत नाही, असे कुणी म्हणेल तर भोपाळकडे पाहावे. तिथल्या नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिकलेल्या नेहा ठाकूरने २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत शिडाच्या नावेत रौप्यपदक आणले. त्याच स्पर्धेत इबाद अलीने विंडसर्फिंगचे कांस्य मिळवले. विंडसर्फिंग १९८४ पासून ऑलिंपिकमध्ये आहे, काइट २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये आली. खानापूर, हुक्केरीच्या मुलामुलींना पाणी आणि वारा घराजवळ आहे.

तेव्हा येत्या पावसाळ्याआधी पर्यटन खाते, पाटबंधारे खाते, मच्छीमार आणि आम्ही खेळणारे यांची एक बैठक जलाशयाच्या काठावरच बोलवावी. नियमांची तोंडी परीक्षा दिल्याशिवाय कुणाला फळी किंवा काइट भाड्याने मिळणार नाही आणि बचावाची नाव पाण्यात असल्याशिवाय दिवस सुरू होणार नाही, या दोन अटी परवान्यात घालाव्यात. नियमांचा मसुदा मराठीत करून द्यायला आम्ही तयार आहोत, कन्नडसाठी मदत करणारे मित्रही आमच्यात आहेत. बैठकीची तारीख कळवावी.

आपला नम्र,
खानापूर तालुक्यातील एक विंडसर्फर