चोराचं नाव झाकून ठेवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला आवडणार नाही, याची मला कल्पना आहे. "त्यात काय एवढं, पुस्तकच तर दिलं," असं तुम्ही दारातच म्हणालात आणि नाव कुठे घालू नका अशी तंबीही देऊन गेलात. नाव घालत नाही. पण चारचौघांत आभार मानल्याशिवाय मला राहवणार नाही, कारण त्याआधी चारचौघांतच मला बरंच ऐकून घ्यावं लागलं होतं.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. माझी लेक सातवीत आहे. पावसाळ्यात तिला कावीळ झाली. शाळा बंद, खेळ बंद, तेल-तूप बंद, आणि डॉक्टरांनी सांगायच्या आधीच मी मोबाईल बंद केला. एरवी पुस्तकाच्या वाटेला न जाणारी ही पोर भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बोलायची नाही, भांडायचीसुद्धा नाही, आणि ते जास्त लागत होतं. तशात नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या एका पुस्तक प्रदर्शनातून मी एक रहस्यकथा उचलून आणली. मुखपृष्ठावर कंदील धरलेली मुलगी होती, एवढंच बघून.

गोष्ट कोकणातल्या एका कोळीवाड्यातली. मासेमारी बंदीचे दिवस, जूनपासून होड्या वर ओढून शाकारून ठेवलेल्या, हातात काम नाही, आणि अशात मच्छीमार सोसायटीच्या तिजोरीतून पैसे जातात. किल्ली ज्याच्याकडे, तो म्हातारा हिशेबनीस. गावाने त्याच्याशी बोलणं टाकलेलं. आणि तपास कोण करतं, तर त्याची अकरा वर्षांची नात. तिसऱ्या प्रकरणापासून आमच्या बाईसाहेबांनी जेवणाचं ताट पलंगावर मागवलं. पिवळ्या डोळ्यांनी माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, आजोबांनी नाही घेतले. मला माहितीये." किती दिवसांनी तिने आपणहून एक अख्खं वाक्य बोललं होतं!

पान ९६ वर ती नात खाडीच्या धक्क्यावर उभी राहते आणि सगळ्यांसमोर जाहीर करते, की चोर कोण ते तिला कळलंय. पान उलटलं की पुढे पुन्हा पान ८१.

माझ्या लेकीला वाटलं, ही लेखकाची युक्ती आहे. दोनदा छापलंय म्हणजे यात काहीतरी दडवलंय. तिने ती सोळा पानं परत वाचली, ओळीवर बोट ठेवून, पहिल्या वेळेपेक्षा काय वेगळं आहे ते शोधत. वहीत दोन रकाने आखले होते. दोन्हीकडे तेच. मग एकदम ११३. ते पान तिने वाचलं नाही, तिथून शेवटपर्यंतच्या पानांना रबरबँड लावून टाकला आणि वही मिटली. रडली नाही. भिंतीकडे वळली.

आता ज्यांनी ऐकवलं त्यांच्याबद्दल. नावं त्यांचीही घेत नाही. विक्रेते म्हणाले, "प्रदर्शन उठलं, आता बदलून कसं मिळणार? आणि शेवट आहे ना पुस्तकात? मग झालं तर." एका वाचनालयात त्या पुस्तकाचं कार्ड सापडलं, पुस्तक नाही, ते कधी सापडेल हे कार्डावर लिहिलेलं नव्हतं. प्रकाशनाच्या कार्यालयातल्या गृहस्थांनी तर कमाल केली. बिल आहे का, कुठल्या आवृत्तीचं, किती पानं, सगळं विचारून झाल्यावर ते हसत म्हणाले, "अहो मॅडम, एवढा कशाला त्रास घेता? त्यात तो अमका चोर निघतो. सांगून टाका मुलीला." मी फोन कानाला धरून ऑफिसच्या जिन्यात उभी. न मागता चोर माझ्या गळ्यात पडला होता. घरी गेल्यावर लेकीने विचारलं, "काही कळलं?" मी म्हटलं, "नाही." तिच्याशी इतकं सरळ तोंड ठेवून मी याआधी कधी खोटं बोललेले नाही.

नातेवाइकांचं तर सोडाच. "यूट्यूबवर असेल की," हा सल्ला तीन वेगवेगळ्या आवाजांत ऐकला.

तुमचा नंबर मला अंबडच्या आमच्या कंपनीतल्या एका बाईंनी दिला. "जेलरोडला एक काका आहेत, प्रेसमधून रिटायर झालेले, मुलांना पुस्तकं देतात," एवढीच माहिती. नाशिकरोडला नोटा आणि टपाल तिकिटांचे सरकारी छापखाने आहेत, त्यामुळे इथे "प्रेसमध्ये होते" म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. फोनवर मी नीट सांगूही शकले नव्हते. तुम्ही मध्येच थांबवलंत. "८१ दुबार? मग ९७ ते ११२ गेलाय. फर्मा चुकलाय बांधणीत."

त्या एका वाक्याने मला किती बरं वाटलं! इतके दिवस सगळे माझ्याशी असं बोलत होते, की जणू मीच पानं फाडून तक्रार घेऊन आलेय. तुम्ही समजावून सांगितलंत: पुस्तक पान-पान छापत नाहीत. एका मोठ्या कागदावर दोन्ही बाजूंनी मिळून सोळा पानं छापतात, कागदाला तीन घड्या घालतात, तो एक फर्मा. मग एकावर एक फर्मे रचून शिवायचे. रचणाऱ्याने सहावा दोनदा उचलला आणि सातवा राहिला. "आमच्याकडे एक कागद कमी आला तर कोणी घरी जात नव्हतं," असं तुम्ही पुटपुटलात. रागावलेले वाटलात, पण आमच्यावर नाही. फार दिवसांनी कोणीतरी आमच्या बाजूने रागावलं होतं.

मी म्हटलं, पानांचे फोटो पाठवलेत तरी चालेल. "काविळीच्या पोरीने मोबाईलवर डोळे ताणायचे? मी येतो." आणि आलात. जेलरोडहून इंदिरानगर, सिटीलिंकची बस बदलून, पुस्तक दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून. तुमची छत्री गळत होती, पिशवी कोरडी होती.

पण मला सांगायचंय ते याच्यापुढचं.

ते पुस्तक तुमच्या मुलीचं, तिच्या लहानपणचं. जुनी आवृत्ती, पानं चहाच्या रंगाची. तुमची मुलगी वाचताना समासात पेन्सिलीने लिहायची म्हणे. आणि तिला चोर आधीच कळला असावा, कारण जागोजागी तिने त्याचं नाव लिहून ठेवलं होतं. हे मला तुम्ही सांगितलं नाही, पुस्तक उघडल्यावर कळलं. कारण त्या प्रत्येक ठिकाणी एक बारीक पांढरी पट्टी चिकटवलेली होती. खोडरबर चालवलं नव्हतं, मुलीचं अक्षर जसंच्या तसं खाली ठेवलं होतं. पट्टी बोटाने चाचपली तर एका कडेला दाते लागले. टपाल तिकिटांच्या शीटच्या कडेचा कागद! पूर्वी घरोघरी फाटकी नोट, वहीचं पान याच कागदाने चिकटवायचे, मागे डिंक असायचाच. तुम्ही तो नखाएवढ्या रुंदीचा कापून, ओला करून, फक्त नावावर बसवला होता. अलीकडचा शब्द दिसतोय, पलीकडचा दिसतोय, नाव तेवढं गायब. पान २३ वर "मला वाटतं" आणि पुढे पट्टी. पान ५८ वर पट्टी, तिच्यापुढे "हाच आहे, बघा!!" अशी दोन उद्गारचिन्हं.

म्हणजे माझा फोन आल्यानंतर तुम्ही ते पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळलंत. आम्हाला सोळाच पानं हवी होती. पण मूल आहे, पुढेमागे चाळणार, हे तुम्ही धरून चाललात. ज्या मुलीला पाहिलंही नव्हतं, तिची गंमत जाऊ नये म्हणून एक माणूस जेलरोडला चष्मा लावून, कात्री घेऊन बसला होता. प्रकाशनातले ते गृहस्थ आणि तुम्ही, दोघांनाही चोर माहीत होता. बाकी मी काही बोलत नाही.

मी अंबडला रोज वेळेवर निघणाऱ्या, वेळेवर पोचणाऱ्या माणसांत काम करते. नियमाने वागणारे पुष्कळ असतात, आणि असावेतच. पण नियमात न बसणारं थोडंसं जास्तीचं काम कोणी सांगितल्याशिवाय करणारी माणसं वेगळीच. बस सुटल्यावर आरशात पळत येणारी बाई दिसली म्हणून परत ब्रेक दाबणारा ड्रायव्हर मी पाहिलाय. औषधाची चिठ्ठी वाचून "उद्या घ्या, उद्या स्वस्त ब्रँड येतोय" असं सांगणारा दुकानदारही पाहिलाय. त्यांच्यामुळे शहर राहण्यासारखं राहतं, नाहीतर नुसते पूल आणि सिग्नल. असो, मी वाहवत चालले.

त्या सोळा पानांत काय होतं ते सांगते, चोराचं नाव वगळून, घाबरू नका. एक माणूस सांगत असतो, की तो आषाढ अमावस्येला पहाटे पाचला पलीकडच्या काठावरून होडीने आला, म्हणजे रात्री तो गावातच नव्हता. गटारीची रात्र, अर्धा गाव शुद्धीत नाही, त्यामुळे खरं-खोटं करायला साक्षीदार कोण? ती नात कोणालाच विचारत नाही, तिथी बघते. कोकणात हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ येते. अमावस्या म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. रात्री सव्वाअकराला भरती, तर सहा-सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे बरोबर पहाटे पाच-साडेपाचच्या सुमाराला. त्यात अमावस्येचं उधाण. भरती जेवढी वर चढते तेवढीच ओहोटी खाली ओढते. त्या वेळी खाडीच्या त्या टोकाला पाणीच नव्हतं, गुडघाभर चिखल होता. होडी येईल कशी?

आणि या पानाच्या समासात, काका, तुम्ही एक गोष्ट झाकली नव्हती. तुमच्या मुलीने पेन्सिलीने मांडलेला हिशेब: १५ × ¾ = ११¼, खाली + ६, आणि बरोबरची खूण. नाव नव्हतं म्हणून पट्टी नव्हती. लेकीने ते पाहिलं आणि ओरडली, "आई, त्या ताईनेपण करून बघितलं होतं!" मग पलंगावरून उतरली, स्वतःच्या पायांनी, आणि भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. त्या दिवशी चतुर्थी होती. ती पाटी-पेन्सिल शोधेपर्यंत सासूबाई आतून म्हणाल्या, "चार पाऊणे तीन." त्यांना पाऊणकी, म्हणजे पाऊणाचा पाढा, अजून तोंडपाठ आहे, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. तेव्हापासून आमच्याकडे रोज सकाळी अलिबागची भरती जाहीर होते. पाणी चढतं हे नाशिकच्या पोरांना गोदापात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीमुळे माहीत असतं, पूर आला की, कंबरेला लागलं, खांद्याला लागलं. पण पाऊस नसतानाही रोज दोनदा चढून दोनदा उतरतं, याचं तिला फार नवल वाटलं. आमची गोदावरी इथून उगवून पार बंगालच्या उपसागराला जाऊन मिळते, सह्याद्रीपलीकडचा जवळचा समुद्र सोडून. यावर तिचं म्हणणं आहे, की गोदावरीचाही तपास व्हायला हवा.

तिचे रिपोर्ट आता ठीक आहेत. शाळा सुरू झाली. पैसे तुम्ही घेतले नाहीत, कोंडाजीचा चिवडा घेतलात, तोही "अर्धा किलो फार होतो" म्हणत. येत्या रविवारी घरी जेवायला यायचं आहे, काकूंना घेऊन. नाही म्हणायची सोय नाही, कारण पुस्तक अजून आमच्याकडेच आहे आणि ते तुम्हाला तेव्हाच मिळेल.

आपली आभारी,
सातवीतल्या डिटेक्टिव्हची आई

ता. क. : पान ७४ वरची पट्टी एका बाजूने सुटली आहे. ती म्हणते आपोआप सुटली. मी तपास केलेला नाही.