फळा दिसतो का, हे कोण पाहणार?

महोदय,

नव्या शालेय वर्षाच्या तयारीला वाहिलेले कालच्या पुरवणीतील पान मी दोनदा वाचले; एकदा पालक म्हणून, आणि दुसऱ्यांदा माझ्याच नजरेतून काही निसटले तर नाही ना, याची खात्री करण्यासाठी. निसटलेले नव्हते. दप्तर, डबा, बाटली, बूट, रंगपेटी, नावाच्या चिठ्ठ्या आणि कंपासपेटीत काय काय असावे याची स्वतंत्र चौकट, असे सगळे त्यात होते. ज्या मुलासाठी हा पसारा घ्यायचा, त्याला फळा नीट दिसतो का, हे पाहून घ्यावे असे मात्र कुठेही नव्हते.

मागील वर्षी अशीच एक यादी हातात घेऊन मी माझ्या तिसरीतल्या मुलीची तयारी केली होती, आणि तीत काही उणे ठेवले नव्हते. पेन्सिलींवरदेखील नावाच्या चिठ्ठ्या होत्या. शाळा सुरू होऊन महिना होतो न होतो, तोच तिच्या वहीत लाल शाईचे शेरे येऊ लागले: ‘लक्ष नाही’, ‘फळ्यावरचे चुकीचे उतरवते’. गणिताची रीत बरोबर असे, पण मुळात उदाहरणच चुकलेले. फळ्यावरच्या ८ चा वहीत ३ झालेला आणि ६ चा ५. घरी पुस्तक ती घडाघडा वाचत असल्याने डोळ्यांची शंका आम्हाला आली नाही. वास्तविक जवळचे स्वच्छ आणि दूरचे पुसट दिसणे हेच निकटदृष्टितेचे लक्षण आहे, आणि आईवडिलांना दूरचा नंबर असेल तर मुलांना तो लागण्याची शक्यता वाढते. मी स्वतः वयाच्या बाराव्या वर्षापासून चष्मा लावतो. इतके असूनही डोळे बारीक करून पाहण्याची तिची सवय आम्हाला गमतीची वाटे, आणि आम्ही तिची नक्कलही करून दाखवत असू.

चार महिने ती शाळेत आणि घरी, दोन्हीकडे बोलणी खात होती. मग एका संध्याकाळी बसथांब्यावर उभे असताना समोरून येणाऱ्या बसचा क्रमांक मी तिला विचारला, तेव्हा ती अगदी सहजपणे म्हणाली, “बाबा, नंबर तर बस जवळ आल्यावरच दिसतो ना सगळ्यांना?” तपासणीत दोन्ही डोळ्यांना दूरचा नंबर निघाला, डावीकडे पावणेदोन. चष्मा लागल्यावर पहिल्या दिवशी शाळेतून येऊन तिने सांगितले, की फळ्याच्या वर वेळापत्रक लावलेले आहे. ते तिथे वर्षभर होते. ही रोज शेजारच्या मुलीला पुढचा तास कोणता ते विचारत होती.

मूल तक्रार करत नाही, कारण जसे दिसते त्याहून वेगळे दिसू शकते, हेच त्याला ठाऊक नसते. म्हणून हे काम मोठ्यांचे आहे, आणि ते फार मोठे नाही. ६ मीटरवरून अक्षरांचा तक्ता वाचून घ्यायला मोजून काही मिनिटे लागतात. त्याहून अधिक वेळ मी पेन्सिलींना चिठ्ठ्या चिकटवण्यात घालवला होता.

जाता जाता आणखी एक. त्याच पानाच्या तळाशी, मुलांची झोपण्याची वेळ हळूहळू अलीकडे आणावी, असा सल्ला आहे, आणि तो योग्यच आहे. ६ ते १२ वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी ९ ते १२ तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मध्ये केली होती. सुट्टीत रात्री अकरापर्यंत जागणारे मूल सकाळी सहाला उठवले, तर ती पुरी होणे शक्यच नाही. परंतु रोज १५ मिनिटे याप्रमाणे २ तासांचा फरक भरून काढायला ८ दिवस लागतात, आणि आपण हा ‘हळूहळू’चा सल्ला छापला तो शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी. आज सकाळी आमच्या घरी त्याचा जो उपयोग झाला, त्याचे वर्णन करण्याचे मी टाळतो.

पुढील वर्षी हे पान निदान तीन आठवडे आधी यावे, आणि कर्कटकाचे टोक कसे पारखावे यासाठी खर्ची पडलेल्या दोन ओळी नेत्रतपासणीला मिळाव्यात, एवढीच विनंती.

आपला,
एक पालक-वाचक