सफरचंद खरवडून विष दिसत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परदेशी सफरचंदांवर विषारी थर असल्याची बातमी गेल्या पंधरवड्यात आधी एका वृत्तवाहिनीवर आली, मग घराघरांतल्या मोबाइलवर फिरली आणि शेवटी आपल्या दैनिकातही पहिल्या पानावर चौकटीत आली. मथळ्यापुढे प्रश्नचिन्ह होतं, पण प्रश्नचिन्ह कोण वाचतं? मी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग करते आणि राहायला म्हसरूळला आहे. आमचा माल नेदरलँड्स आणि जर्मनीला जातो. तिथल्या घरांत आमची द्राक्षं हेच परदेशातून आलेलं फळ असतं, आणि त्यांच्या पेपरात आमच्याविषयी काय छापून येतं यावर इथल्या शेकडो घरांचं वर्ष ठरतं. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहिते आहे.

वाहिनीवरच्या त्या मुलाने ब्लेडने सफरचंद खरवडलं. पात्यावर पांढरा भुसा जमला. तो कॅमेऱ्यापुढे धरून तो म्हणाला, "बघा, हे विष तुम्ही मुलांना देताय." तो भुसा कशाचा होता, तपासला कुणी, त्यात काय निघालं, यातलं एक अक्षरही तो बोलला नाही. सफरचंदावर मुळातच त्याचं स्वतःचं मेण असतं. तोडणीनंतर फळं धुताना ते बरंचसं निघून जातं आणि फळ लवकर सुरकुततं, म्हणून त्यावर पातळ लेप देतात. मधमाशीचं मेण, कार्नोबा नावाच्या ताडवर्गीय झाडाच्या पानांचं मेण किंवा शेलॅक, म्हणजे आपली लाख, यांचा लेप आपल्या देशाच्या अन्नसुरक्षा नियमांतही चालतो. फक्त तसं लेबलवर लिहावं लागतं. एखाद्याने नियमाबाहेरचं काही लावलेलं असू शकतं, नाही असं नाही. पण ते प्रयोगशाळेत कळतं, ब्लेडच्या पात्यावर नाही.

तीच परीक्षा उद्या आमच्या मालाची कुणी घेतली तर? द्राक्षाच्या मण्यावर पांढरट पावडर असते, तिला आम्ही लस्टर म्हणतो. ती वेलीचीच देणगी असते आणि ती टिकावी म्हणून मजूर बाया घड देठाला धरून काढतात, मण्याला बोट लागू देत नाहीत. नाशिकमध्येसुद्धा गिऱ्हाईक विचारतं, "ताई, हे औषध आहे का?" कॅमेऱ्यासमोर बोटाने ती पुसून दाखवली की आमच्या हंगामाचा निकाल दोन मिनिटांत लागेल.

खरं रसायन असं दिसत नाही, आणि हेच लोकांना सांगायला हवं. २०१०च्या हंगामात आमच्या भागातल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले होते, ते आपल्या जुन्या वाचकांना आठवत असेल. कारण होतं क्लोरमेक्वाट क्लोराइड, ज्याला बागायतदार सीसीसी म्हणतात. खरड छाटणीनंतर, म्हणजे उन्हाळ्यातल्या छाटणीनंतर, शेंड्याची वाढ रोखायला आणि काडीत घड धरायला ते सर्रास वापरलं जायचं. युरोपची मर्यादा होती किलोला ०.०५ मिलिग्रॅम. म्हणजे २० टन द्राक्षांत एक ग्रॅम! एका कंटेनरमध्ये साधारण १२-१३ टन माल बसतो, त्यावरून अंदाज करा. इथे निर्यातीआधी ज्या रसायनांची तपासणी व्हायची, त्यांच्या यादीत सीसीसी नव्हतंच. त्यामुळे इथे पास झालेला माल तिथे अडकला.

त्या वर्षी आमच्या निर्यातदाराने अर्धे पैसे दिले आणि बाकीचे कधीच दिले नाहीत. सोसायटीचं कर्ज तसंच डोक्यावर राहिलं. ते सगळं इथे उगाळत नाही. सांगायचं वेगळंच आहे. तिकडून आलेल्या कागदावर रसायनाचं नाव होतं, सापडलेलं प्रमाण होतं आणि त्यापुढे मर्यादा होती. त्या कागदाने आमचं वर्ष बुडवलं, पण पुढच्या छाटणीला काय बंद करायचं हेही त्यानेच सांगितलं. सीसीसी तपासणीच्या यादीत आलं, आणि बागायतदारांनी ते सोडलं. त्याआधी २००३ मध्ये मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश आमच्या द्राक्षांत सापडले होते तेव्हाही असंच झालं. त्यातूनच रेसिड्यू, म्हणजे फळात उरलेल्या रसायनांच्या अंशांच्या, तपासणीचा कार्यक्रम उभा राहिला आणि २००६ मध्ये अपेडा या केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेचं ग्रेपनेट, म्हणजे निर्यातीच्या द्राक्षांचा माग ठेवणारी ऑनलाइन यंत्रणा, आलं. आज निर्यातीच्या प्रत्येक प्लॉटची नोंद असते, फवारणीची डायरी असते, सॅम्पल फेल झालं तर तो माल युरोपला जात नाही. ही शिस्त लागली ती कागदावरच्या आकड्यामुळे. नुसती "भारतीय द्राक्षं विषारी" अशी आरोळी झाली असती तर आम्ही काय सुधारलं असतं?

आरोळीने काय होतं त्याचं उदाहरण जर्मनीचंच आहे. मे २०११ मध्ये तिथे ई-कोलाय जिवाणूची भयंकर साथ आली. हॅम्बर्गच्या आरोग्य खात्याने स्पेनच्या काकड्यांकडे बोट दाखवलं आणि वृत्तपत्रांनी ते जगभर नेलं. स्पेनमध्ये काकडी, टोमॅटो अक्षरशः फेकून द्यावे लागले. पुढे तपासणीत कळलं की काकडीवरचा जिवाणू साथीचा नव्हताच. साथ पसरली होती जर्मनीतल्याच एका शेतावरच्या मोडांमुळे, आणि त्यासाठी वापरलेलं मेथीचं बी इजिप्तहून आलं होतं, असा माग लागला. सुमारे चार हजार लोक आजारी पडले आणि पन्नासहून अधिक दगावले. युरोपीय संघाला भाजीपाला उत्पादकांना २० कोटी युरोंहून अधिक मदत द्यावी लागली. पण मला जास्त टोचतं ते हे, की लोक काकडीला घाबरत होते तेवढे दिवस खरे दूषित मोड विकले जात होते, खाल्ले जात होते. भीती चुकीच्या जागी गेली की खऱ्या धोक्याला मोकळं रान मिळतं. शेतकऱ्याचं नुकसान भरून तरी देता येतं.

परदेशी माल निर्दोषच असतो असा माझा दावा नाही. ते मेथीचं बी परदेशीच होतं. आणि बातमीदाराने गप्प बसावं असंही मी म्हणत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये बाळांच्या दूध पावडरमध्ये मेलामाइन मिसळलं जात होतं. प्रथिनं मोजताना नायट्रोजन मोजतात आणि मेलामाइनने नायट्रोजन वाढलेला दिसतो, म्हणून पाणी घातलेलं दूध चांगलं ठरायचं. सहा बाळं गेली, सुमारे तीन लाख आजारी पडली. पावडर बनवणारी कंपनी आणि अधिकारी गप्प होते. ११ सप्टेंबरला शांघायच्या एका दैनिकाच्या बातमीदाराने कंपनीचं नाव छापलं, तेव्हा ते प्रकरण उघडं पडलं. त्याच महिन्यात भारताने चिनी दूध आणि दुग्धपदार्थांची आयात बंद केली. त्या बातमीत उत्पादन कोणतं, कंपनी कोणती, आजार कोणता, हे सगळं होतं. आपल्या सफरचंदाच्या चौकटीत यातलं काय होतं?

मोबाइलवर फिरलेल्या संदेशात तर "चीनची सफरचंदं" असंच म्हटलं होतं. चीनच्या सफरचंदांची आयात भारताने २०१७ मध्येच बंद केली आहे, आणि तीही त्यांच्यासोबत येणाऱ्या किडींमुळे. दिंडोरी नाक्यावर गाडी लावणाऱ्या फळवाल्याने मला त्याची पेटी उलटून दाखवली. पुठ्ठ्यावर न्यूझीलंड छापलेलं, पॅकहाऊसचा क्रमांक आणि लॉट नंबरही होता. तो म्हणाला, "काकू, हे कुणी वाचायलाच तयार नाही. मोबाइल पुढे करतात." खालच्या थरातली फळं मऊ पडायला लागली होती. पेठ रोडच्या मार्केट यार्डातून रोख पैसे देऊन आणलेला माल त्याने संध्याकाळी निम्म्या भावात काढला. परदेशातल्या कुठल्या कंपनीला या अफवेची झळ लागली नसेल. झळ या माणसाला लागली.

नाशिककरांनी हे आधीही पाहिलंय. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीतून कोरोना होतो अशी अफवा उठली आणि आपल्या जिल्ह्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना खाद्याचाही खर्च सुटेना. त्याच्या तीन वर्षं आधी प्लॅस्टिकच्या तांदळाची भीती देशभर पसरली होती. तांदूळ निर्यात करण्यात आपण जगात पहिले, शिवाय प्लॅस्टिक तांदळापेक्षा महाग, तरी लोक भाताचे गोळे जमिनीवर आपटून व्हिडिओ काढत होते.

माझ्या बागायतदार भावांनाही एक सांगायचंय. परदेशी फळाची बदनामी झाली की आपल्यातले काहीजण खूश होतात, संदेश पुढे ढकलतात. आयातीने आपला भाव पडत असेल तर त्याविरुद्ध जरूर बोलावं. २०१९ च्या अखेरीस इजिप्तचा कांदा आणला तेव्हा आपण बोललोच, आणि दराच्या मुद्द्यावर बोललो. आयात शुल्कावर भांडावं, मोर्चे काढावेत. पण खोट्या विषाच्या भीतीने मिळालेलं गिऱ्हाईक आपल्याला नको. तीच भीती नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरात आपल्या मालाची वाट पाहत असते.

वाचकांसाठी एक माहिती, कारण ती फारशी कुणाला नसते. अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० प्रमाणे कुणीही ग्राहक ठरलेली फी भरून आपण विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. सोसायटीच्या ग्रुपवर शंभर संदेश टाकण्यापेक्षा चार घरांनी मिळून एक नमुना दिला तर निदान काहीतरी हाती लागेल.

आणि आपल्याला विनंती. अन्नाविषयी अशी बातमी आली की पदार्थ काय, कुठल्या देशाचा, कुठला लॉट, कोणी तपासला, काय सापडलं, किती सापडलं आणि मर्यादा किती, एवढं विचारूनच ती छापावी. अहवाल यायचा असेल तर तो यायचा आहे असं मथळ्यातच लिहावं. युरोपात १९७९ पासून अन्नधोक्याच्या सूचना देशादेशांत तातडीने कळवण्याची यंत्रणा आहे. तिच्यावर आमच्या द्राक्षांचीही नोंद आलेली आहे. ती वाचताना पोटात गोळा येतो, पण काय चुकलं ते समजतं.

त्या पंधरवड्यापूर्वीच्या बातमीचं पुढे काय झालं, हे आम्हाला अजून कळलेलं नाही. अन्न व औषध प्रशासनाने नाशिकच्या बाजारातून नमुने घेतले का, घेतले असतील तर अहवाल काय आला, हे आपल्या वार्ताहराने विचारावं आणि उत्तर जे असेल ते छापावं. पहिल्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या चौकटीत.

आपली,
एक द्राक्ष बागायतदार,
म्हसरूळ, नाशिक