कूस बदलली जाते ती फक्त कागदावर: वृद्ध शुश्रूषा केंद्राच्या गुणवत्ता अहवालाविरुद्ध तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापकीय संचालक,
(प्रत: प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग)

विषय: केंद्रात दाखल असलेल्या माझ्या आईच्या शुश्रूषेतील हेळसांड आणि कंपनीच्या गुणवत्ता मूल्यमापनाच्या पद्धतीबद्दल तक्रार

संदर्भ: माझ्या आधीच्या तक्रारीला आपल्या विभागाने दिलेले लेखी उत्तर व सोबतचा वार्षिक गुणवत्ता अहवाल

महोदय,

आपले उत्तर आणि त्याला जोडलेला गुणवत्ता अहवाल मिळाला. अहवालात केंद्राला जवळपास सगळ्या सदरांत ‘उत्कृष्ट’ असा शेरा आहे. त्याच केंद्रात माझ्या आईच्या माकडहाडावर बेडसोर, म्हणजे एकाच जागी पडून राहिल्याने होणारी जखम, झाला आहे, तीन महिन्यांत तिचे वजन ५४ किलोवरून ४९ वर आले आहे आणि दिवसाचा बराच वेळ ती गुंगीत असते. एवढे होऊनही शेरा ‘उत्कृष्ट’ येत असेल तर तुम्ही नेमके काय मोजता, हा माझा पहिला प्रश्न आहे.

माझी उभी नोकरी कारखान्यात मालाच्या गुणवत्ता तपासणीत गेली. एका बैठकीत भरून काढलेले रजिस्टर कसे दिसते, हे मला कुणी सांगावे लागत नाही. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईची डावी बाजू अधू आहे, तिला स्वतःहून कूस बदलता येत नाही. पलंगाच्या पायथ्याशी त्यासाठी तक्ता टांगलेला असतो: दर दोन तासांनी एक खूण, एक सही. या तक्त्यावरच्या सगळ्या खुणा एकाच पेनच्या, एकाच हाताच्या आणि वेळा अगदी ठोक आहेत, ८, १०, १२, २. प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या वेळा अशा पडत नाहीत. कधी १० ची वेळ १०.२० ला जाते, कधी १२ चे पावणेएक होतात. तरीही हा माझा संशय म्हणून मी सोडून दिला असता. पण ज्या दिवशी आईला खुब्याच्या एक्स-रेसाठी रुग्णालयात नेले होते, त्या दिवशीच्या १२, २ आणि ४ च्या रकान्यांतही ‘डावी कूस’, ‘उजवी कूस’, ‘डावी कूस’ असे सहीनिशी लिहिले आहे. त्या वेळी आई रुग्णालयात स्ट्रेचरवर होती आणि मी तिच्या शेजारी उभा होतो. रुग्णवाहिका केंद्रातून कधी निघाली आणि कधी परतली, हे तुमच्याच फाटकावरच्या नोंदवहीत आहे. दोन्ही नोंदींचे फोटो सोबत जोडले आहेत. आपल्या उत्तरात याला ‘लेखनिक त्रुटी’ म्हटले आहे. तीन रकान्यांत, तीन सह्यांसह झालेली त्रुटी लेखनिक कशी, ते कृपया समजावून सांगावे.

बेडसोरची नोंदही अशीच. केसपेपरवर तो पहिल्या टप्प्याचा म्हणून लिहिला आहे. पहिल्या टप्प्यात कातडी शाबूत असते. फक्त लाल डाग असतो आणि बोटाने दाबला तरी तो पांढरा पडत नाही. आईची कातडी फाटली आहे, हे मी काढलेल्या फोटोत कुणालाही दिसेल. कातडी फाटली की तो दुसरा टप्पा, हे ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना माहीत नसेल असे मी मानत नाही. वर बेडसोरचा धोका मोजणाऱ्या ब्रेडन तक्त्यावर आईला २३ पैकी २० गुण दिले आहेत. या तक्त्यात गुण जितके कमी तितका धोका जास्त, आणि १८ किंवा त्याखाली आले की धोका आहे असे सर्वसाधारणपणे धरतात. मी स्वतः बेरीज करून पाहिली. आई फार तर खुर्चीत बसते, हालचाल अत्यंत मर्यादित आणि अंथरूण वारंवार ओले. या तीन बाबींत प्रत्येकी २ च्या वर गुण देताच येत नाहीत. उरलेल्या तिन्ही बाबींत, म्हणजे संवेदना, आहार आणि कातडीचे घर्षण यांत, डोळे झाकून पूर्ण गुण दिले तरी एकूण होतात १७. मग २० आले कुठून? १७ लिहिले असते तर हवेची गादी, टाचा अधांतरी ठेवण्यासाठी उशी आणि रात्रीही कूस बदलायला माणूस, हे सगळे द्यावे लागले असते. २० लिहिल्यामुळे यातले काहीच द्यावे लागले नाही.

गुंगी, वजन आणि बेडसोर अशा माझ्या तीन मुद्द्यांना आपण तीन वेगळी उत्तरे दिलीत, तीन वेगळ्या अधिकाऱ्यांच्या सहीने. मुळात ही एकच तक्रार आहे. आईला स्मृतिभ्रंश आहे. मध्यंतरी ती रात्री ओरडू लागली. ओरडण्यामागे दुखणे आहे, लघवीचा जंतुसंसर्ग आहे की नुसती भीती, याची तपासणी झाल्याची नोंद मला सापडली नाही. सापडली ती रोज रात्री सुरू केलेली मनोविकारावरची गोळी. तिच्याबद्दल घरच्यांना विचारले नाही, सांगितलेही नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या गटातल्या नव्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने २००५ मध्ये दिला आणि २००८ मध्ये तो जुन्या औषधांनाही लागू केला. गोळी कधीच देऊ नये असे मी म्हणत नाही, तो निर्णय डॉक्टरांचा. पण गोळीने माणूस गुंगीत राहतो, गुंगीत जेवण जात नाही, अंग हलत नाही, पोषण घटले की कातडी लवकर फाटते आणि फाटलेली भरून येत नाही. ही साखळी तीन अधिकाऱ्यांत वाटून टाकली की कुणालाच दिसत नाही.

वजनाबद्दल आपण ‘वयोमानानुसार अपेक्षित घट’ असे कळवले आहे. तीन महिन्यांत साडेसात टक्क्यांहून जास्त वजन उतरणे गंभीर धरले जाते; आईचे नऊ टक्क्यांहून अधिक उतरले आहे. जेवणाच्या नोंदवहीत रोज ‘पाऊण ताट संपवले’ असे आहे. मी न कळवता संध्याकाळी गेलो तेव्हा ताट झाकलेले तसेच परत जात होते, आईची कवळी कपाटातल्या डबीत होती आणि पाण्याचा तांब्या तिच्या डाव्या हाताला, म्हणजे जो हात उचलतच नाही त्या बाजूला ठेवला होता. त्या भेटीनंतर मला ‘भेटीची वेळ आधी ठरवून यावे’ असा संदेश आला. तुमची ही सूचना मला मान्य नाही.

आता अहवालाकडे वळतो. शुश्रूषेची गुणवत्ता कशी तपासावी याची एक मांडणी आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचे अभ्यासक डोनाबेडियन यांनी १९६६ मध्येच करून ठेवली आहे: साधने काय आहेत, प्रत्यक्ष काम कसे होते आणि रुग्णाचे शेवटी काय झाले. तुमच्या अहवालाचा निम्म्याहून अधिक भाग साधनांवर आहे. बाग, कॅमेरे, लिफ्ट, नवे पडदे. कामाचा भाग येतो तो वर सांगितलेल्या नोंदवह्यांतून. तिसरा भाग जवळजवळ नाहीच. किती निवाशांना केंद्रात आल्यानंतर बेडसोर झाला, किती जण पडले, किती जणांचे वजन उतरले, किती जणांना गुंगीची औषधे चालू आहेत, यातला एकही आकडा अहवालात नाही. कारखान्यात असा अहवाल मी पहिल्या पानावरूनच परत पाठवला असता.

समाधान सर्वेक्षणाबद्दल तर बोलूच नये असे वाटते, पण आपण त्याचाच आधार घेतला आहे. आईला प्रश्न विचारले गेले तेव्हा मजल्याच्या प्रमुख सिस्टर शेजारी उभ्या होत्या. जिला रात्री शौचाला न्यायचे की नाही हे ज्यांच्या हातात आहे, त्यांच्या देखत ती बाई काय सांगणार? ‘सगळं छान आहे’ म्हणाली. तो शेरा तुम्ही अहवालात छापला आहे. आईशी बोलायचेच असेल तर केंद्राबाहेरचा माणूस पाठवा, खोलीचे दार लावा आणि सकाळी, गोळीची गुंगी उतरल्यावर विचारा.

एक गोष्ट आवर्जून लिहितो. रात्रपाळीला येणाऱ्या एका मावशी आईला हाक मारून, काय करतो ते सांगून मगच हात लावतात. त्यांच्या पाळीत आईचे अंथरूण कोरडे असते. त्या एकट्या अख्खा मजला सांभाळतात आणि बाकीच्या मदतनीस ठेकेदारामार्फत येऊन महिन्या-दोन महिन्यांत बदलतात. या तक्रारीवरून खालच्या माणसांना मेमो देऊन फाइल बंद करायचा विचार असेल तर तो माझ्या नावावर करू नये. दोन तासांनी कूस बदलायला पुरेशी माणसे नाहीत हे वरच्यांना ठाऊक असताना खालच्यांकडून तक्ता मात्र पूर्ण भरून मागितला जातो. तिथूनच खोट्या सह्या सुरू होतात.

माझ्या मागण्या अशा. जखमांच्या शुश्रूषेतील बाहेरच्या तज्ज्ञाकडून आईची तपासणी करून ब्रेडन तक्ता नव्याने भरावा आणि हवेची गादी ताबडतोब द्यावी. सर्व औषधांचा डॉक्टरांनी फेरआढावा घ्यावा, त्या वेळी मी हजर राहीन. वजन दर आठवड्याला माझ्यासमोर किंवा फोटोसह नोंदवावे, भरवायला माणूस ठेवावा. मागच्या तीन महिन्यांचा रात्रपाळीचा हजेरीपट दाखवावा, नुसते ड्यूटीचे वेळापत्रक चालणार नाही. आणि खोलीतल्या बेलची संगणकीय नोंद मला द्यावी. बेल कधी दाबली आणि कधी बंद केली, हे यंत्र आपोआप टिपते, त्यावर कुणाला मागाहून सही करता येत नाही. बहुधा म्हणूनच मी दोनदा मागूनही ती आलेली नाही.

राहता राहिले बिल. ‘विशेष जखम शुश्रूषा शुल्क’ म्हणून वेगळी रक्कम लावली आहे. आई केंद्रात आली तेव्हा तिच्या अंगावर एकही जखम नव्हती, दाखल होतानाच्या तुमच्याच तपासणीपत्रात तसे लिहिले आहे. तुमच्या देखरेखीत झालेल्या जखमेचे पैसे मी देणार नाही; आजवर घेतलेले परत करावेत.

लेखी उत्तर पंधरा दिवसांत मिळावे आणि ते एकाच जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीचे असावे. न मिळाल्यास सोबतच्या सर्व कागदांसह मी नियामक यंत्रणेकडे आणि ग्राहक न्यायालयात जाणार आहे. गादीसाठी मात्र पंधरा दिवस थांबता येणार नाही, ती उद्याच लागेल.

आपला,
(तक्रारदार, निवासी महिलेचा मुलगा)

सोबत: कूस बदलण्याचा तक्ता व फाटकावरची नोंदवही यांचे फोटो, जखमेचे फोटो, ब्रेडन तक्त्याची प्रत, वजनाच्या नोंदी, दाखल होतानाचे तपासणीपत्र, बिलाच्या प्रती