डर्बीच्या गर्दीत नको, नोव्हेंबरात जा

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

घोड्यांच्या शर्यती आणि बर्बन, म्हणजे मक्याची अमेरिकन व्हिस्की, यांसाठी केंटकी राज्यातल्या लुईव्हिलला जायचं ठरवलंस हे उत्तम केलंस. फक्त मे महिन्यातला पहिला शनिवार धरू नकोस. त्या दिवशी केंटकी डर्बी ही घोड्यांची मोठी शर्यत असते. हॉटेलवाले दर कित्येक पट करतात, वर दोन-तीन रात्रींची सक्ती करतात. मैदानात दीड लाखाच्या आसपास माणसं असतात आणि घोडे दिसतात ते पडद्यावर. ज्याच्यासाठी हे सगळं सोसायचं ती शर्यत दोन मिनिटांत संपते. त्यापेक्षा नोव्हेंबरातला साधा शनिवार घे. चर्चिल डाउन्स या तिथल्या शर्यतीच्या मैदानावर शरदातला हंगाम ऑक्टोबरच्या शेवटी सुरू होतो आणि नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आठवड्यापर्यंत चालतो. कठड्याला टेकून घोड्यांच्या टापा ऐकता येतील इतकी मोकळी जागा असते. जुलै-ऑगस्टमध्ये तिथे शर्यती नसतात. ऑक्टोबरचा बराचसा काळ त्या लेक्सिंग्टनच्या कीनलँड मैदानावर असतात, म्हणजे सव्वाशे किलोमीटर पुढे. म्हणून आधी शर्यतींची तारीख बघ, मग हॉटेल.

शिकागोहून आय-६५ महामार्गाने सरळ खाली जायचं, सुमारे ४८० किलोमीटर, मध्ये एक थांबा धरून साडेपाच तास. दोन गोष्टी लोक विसरतात. लुईव्हिलचं घड्याळ शिकागोच्या एक तास पुढे आहे. सकाळी आठला निघालास तर पोचेपर्यंत तिथे अडीच वाजलेले असतील, आणि व्हिस्की गाळणाऱ्या एखाद्या डिस्टिलरीची दीडची वेळ घेतलेली असेल तर पैसे गेले. दुसरं, आय-६५ वरून ओहायो नदी ओलांडताना टोल लागतो, पण नाका दिसत नाही. कॅमेरा नंबरप्लेट टिपतो आणि बिल घरी येतं. गाडी भाड्याची असेल तर भाडेवाली कंपनी त्यावर स्वतःचे पैसे लावते. जेफरसनव्हिलला बाहेर पडून क्लार्क मेमोरियल पुलावरून गेलास तर टोल नाही, आणि उतरतोस ते थेट मेन स्ट्रीटजवळ.

आता गाव मुळात तिथे का वसलं ते सांगतो, कारण हे कळलं की घोडे आणि दारू त्याच गोष्टीत येऊन बसतात. ओहायो नदी तिथे दोनेक मैलांत २६ फूट खाली उतरते. नदीच्या सगळ्या वाटेवर होड्यांना अडवणारी ही एकच नैसर्गिक जागा. १८३० मध्ये कालवा सुरू होईपर्यंत बहुतेक माल इथे उतरवायचा, बैलगाडीने खाली न्यायचा आणि पुन्हा चढवायचा. माल उतरतो तिथे गोदाम येतं, गोदामामागून दलाल येतो, आणि मक्याचं पीक पोत्यांपेक्षा पिंपातून नेणं सोपं असतं. मेन स्ट्रीटवरची व्हिस्कीची पेढी अशी उभी राहिली. जमिनीखालचा चुनखडक पाण्यातलं लोह रोखून धरतो. लोह असलं की व्हिस्की काळवंडते. त्याच खडकावरच्या गवतातल्या कॅल्शियमने घोड्यांची हाडं मजबूत होतात असं तिथले घोडेवाले मानतात.

माणसंही एकाच घरातली. जॉर्ज रॉजर्स क्लार्कने १७७८ मध्ये इथे वस्ती केली. त्याचा धाकटा भाऊ विल्यम क्लार्क, मेरीवेदर लुईसबरोबर पॅसिफिक महासागरापर्यंत मोहिमेवर गेला तोच. ती मोहीम ऑक्टोबर १८०३ मध्ये इथल्याच धबधब्यापासून निघाली. विल्यमचा नातू मेरीवेदर लुईस क्लार्क ज्युनिअर. त्याने चर्चिल नावाच्या मामांच्या जमिनीवर घोड्यांचं मैदान काढलं आणि १७ मे १८७५ ला पहिली डर्बी भरवली. मोहिमेत विल्यमचा गुलाम यॉर्कही होता. परत आल्यावर इतरांना जमिनी आणि पगार मिळाला, त्याला कितीतरी वर्षं सुटकाही मिळाली नाही. नदीकाठच्या बेल्व्हेडिअर चौकात त्याचा पुतळा आहे, २००३ मध्ये बसवलेला. शुक्रवारी पोचलात की आधी तिथे जा. दहा मिनिटं पुरतात.

तिथून मेन स्ट्रीट पायी. बिडाच्या दर्शनी भिंतींच्या जुन्या इमारती अजून उभ्या आहेत. ८२९ वेस्ट मेनवरचं फ्रेझर हिस्टरी म्युझियम म्हणजे बर्बन ट्रेलची, डिस्टिलऱ्या बघत जायच्या पर्यटनवाटेची, अधिकृत सुरुवात. एकच डिस्टिलरी बघायची तर माझं मत ओल्ड फॉरेस्टरला, ११९ वेस्ट मेन. कंपनी १८८२ ते १९१९ याच वास्तूत होती, आणि गावाच्या मधोमध असूनही आत पिंपं बनतात, आतून जाळली जातात, ते समोर बघायला मिळतं. संस्थापक जॉर्ज गार्विन ब्राउन औषधं विकायचा. त्या काळी दुकानदार पिंपातून व्हिस्की काढून देत, आणि मध्ये कोण काय मिसळेल याचा भरवसा नसे. त्याने १८७० पासून माल फक्त बंद बाटलीतून विकला. इव्हन विल्यम्सचं केंद्रही त्याच रस्त्यावर आहे. तिथे '१७८३ मधला पहिला व्यावसायिक डिस्टिलर' असं सांगतात. इतिहासकार ते मानत नाहीत, तूही जपून मान.

वेळ आधी ऑनलाइन घे. शनिवारच्या वेळा दोन-तीन आठवडे आधीच भरतात, म्हणून शुक्रवारी दुपारची साडेतीन-चारची सोयीची. पासपोर्ट किंवा अमेरिकन लायसन्स मूळ प्रत ने, फोनवरच्या फोटोवर आत घेत नाहीत. ओंकार १९ चा आहे ना? त्याला फेरीत येता येईल, पण ग्लास मिळणार नाही. दारूला वय २१. शर्यतीवर पैसे लावायला मात्र केंटकीत १८ पुरे. तेव्हा शनिवारी त्याचा राग निघेल.

बर्बनचे नियम थोडेच आहेत, पण लेबल वाचताना फार उपयोगी पडतात. धान्यात किमान ५१ टक्के मका. डिस्टिलेशन ८० टक्के अल्कोहोलच्या वर न्यायचं नाही, म्हणजे धान्याची चव उरते. आतून जाळलेल्या कोऱ्या ओकच्या पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांपेक्षा कडक नको. बाटलीत किमान ४० टक्के. पाण्याशिवाय काहीही घालायचं नाही, रंगसुद्धा नाही. केंटकीतच व्हायला हवी असं मात्र नाही, अमेरिकेत कुठेही चालते. 'स्ट्रेट' म्हणजे किमान दोन वर्षं मुरलेली, आणि चार वर्षांच्या आतली असेल तर वय छापावंच लागतं. 'बॉटल्ड इन बाँड' लिहिलेलं असेल तर एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी देखरेखीच्या गोदामात किमान चार वर्षं ठेवलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची. हा कायदा १८९७ चा. तेव्हा कच्च्या दारूला रंग यावा म्हणून तंबाखूपासून आलुबुखाऱ्याच्या रसापर्यंत काय वाटेल ते घालत. नवख्याने डोळे मिटून घ्यावी अशी हीच बाटली, आणि बहुधा महागही नसते.

अंशांचा घोळ करू नकोस. आपल्याकडच्या बाटलीवर ७५ डिग्री प्रूफ म्हणजे ४२.८ टक्के, ते जुनं इंग्रजी माप. अमेरिकेत प्रूफच्या निम्मे टक्के. तिथली १०० प्रूफ ५० टक्के होते. पुण्यातल्या सवयीने '८० म्हणजे आपल्या ७५ पेक्षा कडक' असं समजशील तर उलटं आहे, ती ४० टक्क्यांचीच असते.

चव घेताना साधारण १५ मिली देतात, तीन-चार प्रकार. आधी सौम्य, शेवटी कडक. नाक ग्लासात खुपसलंस तर अल्कोहोल झोंबतो आणि पुढची दहा मिनिटं काही कळत नाही. ग्लास हनुवटीजवळ धर, तोंड किंचित उघडं ठेवून वास घे. पहिला घोट जिभेला सवय व्हावी म्हणून, मत दुसऱ्या घोटावर बनव. ५० टक्क्यांच्या वर असेल तर पाण्याचे दोन-चार थेंब घाल, वास उमलतो. बर्फ नको, थंडीने वास दबतो. व्हॅनिला आणि जळक्या साखरेचा वास पिंपाच्या जळलेल्या ओकमधून येतो, मिरीसारखा झटका राय धान्यातून. ओल्ड फॉरेस्टरमध्ये मका ७२, राय १८ आणि जवाचं मॉल्ट १० टक्के. मेकर्स मार्कमध्ये रायऐवजी गहू, म्हणून ती गोडसर आणि मऊ. दोन्ही शेजारी ठेवून घेतल्यास तर फरक सांगावा लागणार नाही.

पिंप एकदाच वापरायचं, मग ते विकतात. सुमारे दोनशे लिटरची ही रिकामी पिंपं स्कॉटलंडला जातात आणि आपल्या गोव्यातही येतात. पॉल जॉनची सिंगल मॉल्ट अशाच बर्बनच्या पिंपांत मुरते. तू गोव्याहून आणलेल्या बाटलीत तो व्हॅनिला होता तो इथला.

शनिवार पूर्ण घोड्यांना दे. सकाळी गेट १ शेजारच्या डर्बी म्युझियममध्ये जा. नीट बघायचं ते पहिल्या शर्यतींचं दालन. पहिल्या डर्बीत १५ जॉकींपैकी १३ कृष्णवर्णीय होते. ॲरिस्टाइड्स घोड्यावर ऑलिव्हर लुईस जिंकला, आणि त्याचा ट्रेनर ॲन्सेल विल्यमसन गुलामगिरीत जन्मलेला. आयझॅक मर्फीने १८८४, १८९० आणि १८९१ अशा तीन डर्बी जिंकल्या. जिमी विंकफील्डने १९०१ आणि १९०२ ला. त्यानंतर आजवर एकही कृष्णवर्णीय जॉकी डर्बी जिंकलेला नाही. पैसा आणि मान वाढला तसं त्यांना खोगिरावरून हटवलं गेलं, मैदानात धक्के मारून आणि मालकांवर दबाव आणून. डर्बीच्या झगमगाटात हे कुणी सांगत नाही, म्युझियममध्ये सांगतात.

शर्यती साधारण दुपारी एकच्या सुमारास सुरू होतात, दिवसाला दहाएक, मध्ये अर्धा-अर्धा तास. पुण्याला पावसाळी हंगामात तू पाहिलंस त्यापेक्षा तीन गोष्टी वेगळ्या आहेत. इथे मुख्य ट्रॅक हिरवळीचा नसून मातीचा, एक मैलाचा, आणि घोडे डावीकडे वळत पळतात. मातीवर पुढचे घोडे मागच्यांच्या तोंडावर चिखल उडवतात, म्हणून सुरुवातीलाच पुढे जाणाऱ्याला जास्त फायदा. हिरवळीवर मागून येणारे जिंकतात तसं गृहीत धरलंस तर दिवसभर हरशील. तिसरी गोष्ट पैशाची. पुण्याला आठ-दहा घोडे असले की 'प्लेस' म्हणजे पहिल्या तिनात. इथे 'प्लेस' म्हणजे पहिल्या दोनांत, आणि तिनांसाठी 'शो'. तिसरा आलेल्या घोड्याचं प्लेसचं तिकीट घेऊन खिडकीवर भांडणारी आपली माणसं दर हंगामात असतील.

प्रत्येक प्रकारासाठी लावलेले सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात, म्हणजे 'पूल'मध्ये, जमतात, बुकी नाही. १९०८ मध्ये शहराने बुकींना बंदी केली तेव्हा मैदानाने अशा गल्ल्याच्या पद्धतीची जुनी 'पॅरीम्युच्युअल' यंत्रं बाहेर काढली, तेव्हापासून हीच पद्धत. विन (पहिला), प्लेस, शोच्या गल्ल्यातून साडेसतरा टक्के आधीच कापले जातात, एक्झॅक्टा (पहिले दोन क्रमाने) आणि ट्रायफेक्टा (पहिले तीन क्रमाने) यांतून २२. उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटतात, म्हणून भाव तुझ्या मनासारखा असला तरी शर्यत सुटेपर्यंत बदलत राहतो. फलकावर ५-२ दिसलं तर दोन डॉलरचे सात मिळतात, मुद्दल धरून. खिडकीवर क्रम पाळ: शर्यत क्रमांक, रक्कम, प्रकार, घोड्याचा नंबर. 'रेस सिक्स, टू डॉलर्स टू विन, नंबर फोर.' घोड्याचं नाव सांगायचं नाही. तिकीट खिडकीसमोरच वाच, मागे फिरल्यावर चूक कुणी दुरुस्त करत नाही. 'बॉक्स' म्हणजे निवडलेले घोडे कुठल्याही क्रमाने आले तरी चालणं: तीन घोड्यांचा एक डॉलरचा एक्झॅक्टा बॉक्स म्हणजे सहा जोड्या, सहा डॉलर. चार घोड्यांचा पन्नास सेंटचा ट्रायफेक्टा बॉक्स बारा डॉलर. स्वस्त वाटतो आणि खिसा तोच रिकामा करतो. निकालापुढे 'ऑफिशियल' लागेपर्यंत तिकीट फाडू नकोस, चौकशी लागली की क्रम बदलतो.

दुरून घोडे ओळखायला पाठीवरच्या कापडाचा रंग पाठ कर: १ लाल, २ पांढरा, ३ निळा, ४ पिवळा, ५ हिरवा, ६ काळा. प्रत्येक शर्यतीआधी पॅडॉकवर, म्हणजे घोडे फिरवून दाखवतात तिथे, जा. मागच्या मांड्यांमध्ये पांढरा फेस, डोकं सारखं उडवणं, ही घाबरल्याची लक्षणं. चमकदार कातडी आणि शांत चाल पाहून जिंकणारा सापडत नाही, हरणारे मात्र थोडे वगळता येतात.

जेवणात ब्राउन हॉटेलचं 'हॉट ब्राउन' प्रसिद्ध आहे, १९२६ पासूनचं. पावावर टर्की, वर बेकन आणि चीजचा सॉस. मीनलला ते चालणार नाही. तिच्यासाठी 'बेनेडिक्टाइन' माग, काकडी आणि क्रीम चीजचं सँडविच, ते लुईव्हिलचंच.

रविवारी सकाळी नदीपलीकडे क्लार्क्सव्हिलला फॉल्स ऑफ द ओहायो स्टेट पार्क. सुमारे ३९ कोटी वर्षांपूर्वीची प्रवाळं खडकात उघडी पडलेली आहेत. ऑगस्ट ते ऑक्टोबर पाणी सर्वांत कमी असतं. नोव्हेंबरात पाऊस झाला असेल तर बरंच बुडालेलं असेल, मग आतलं केंद्रच बघ. तुकडा उचलायला बंदी आहे. वेळ उरला तर लोकस्ट ग्रोव्ह, जॉर्ज रॉजर्सच्या बहिणीचं घर. तो म्हातारपणी तिथे राहिला, आणि त्या घरातल्या गुलामांविषयीही तिथे सांगतात. परतताना तुला तो एक तास परत मिळतो, म्हणून तीनपर्यंत निघालास तरी जेवायला घरी.

डिसेंबरात पुण्याला जाणार आहेस म्हणून शेवटचं. भारतात माणशी दोन लिटर दारू बिनकराची. अमेरिकेतली बाटली ७५० मिलीची, म्हणजे दोनच बसतात, तिसरीवर कर. सामानात २४ ते ७० टक्क्यांची माणशी पाच लिटरपर्यंत चालते, ७० च्या वरची अजिबात नाही. बूच प्लास्टिकच्या पिशवीने बांध आणि बाटली कपड्यांच्या मधोमध ठेव, कडेला नको. दादांसाठी बॉटल्ड इन बाँड घे.

तुझा,
श्रीकांत